पाठवणीची वेगळी तयारी

(खेड, जि. रत्नागिरी येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि कॉलेजच्या मुली यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून एक ताई म्हणाल्या, "हे आपल्या कामाचं नाही." विषय असा आहे : आर्किटेक्चर आणि लँडस्केप, म्हणजे वास्तुरचना आणि भूदृश्यरचना, यांचं पुढचं शिक्षण घ्यायला परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलींची तयारी. ताईंचं म्हणणं मी टाळणार नाही. शेवटी त्याच्याकडे येते.

मी आर्किटेक्ट नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि या तालुक्यात बचत गट, कौटुंबिक सल्ला ही कामं करते. या विषयात मला ओढलं एका मुलीने. इथल्याच एका वाडीतली. पाच वर्षांचं बी.आर्क. पूर्ण केलं आणि घरी सांगितलं, मला लँडस्केप शिकायला बाहेर जायचंय. आई माझ्याकडे आली. तिचा प्रश्न अगदी सरळ होता, "झाडं लावायला शिकायला एवढ्या लांब कशाला? ते तर तिच्या आजीलाही येतं."

आपण हसलो. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे. लँडस्केप म्हणजे बाग सजवणं नव्हे. डोंगर कुठे कापायचा आणि कुठे कापायचा नाही, पाण्याला वाट कुठून द्यायची, वस्ती नदीपासून किती हटून हवी, रस्ता उताराला कसा घालायचा, कुठली झाडं माती धरून ठेवतात, हा तो विषय. खेडच्या बाईला हे समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ला जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच पावसात आपल्या तालुक्यात पोसरे बौद्धवाडीवर दरड आली आणि १७ माणसं गेली. डोंगर, पाणी आणि घर यांचं गणित चुकलं की काय होतं ते आपण पाहिलंय. चिखल उपसायला बायका होत्या. पण कुठे काय बांधायचं हे ठरतं त्या टेबलावर बायका किती असतात?

आता 'बाहेर जाणं' या गोष्टीकडे येऊ. खेडला ते नवीन नाही. आपले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, बोटीवर गेले, आखातात गेले. घरटी एक पासपोर्ट आहे अशी आपल्याकडे मोहल्ले आहेत. मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटल्या. मुलगा निघाला की गाव वेशीपर्यंत पोचवायला जातं. मुलगी निघाली की पहिला प्रश्न, "लग्नाचं काय?" गाव तेच, परदेशही तोच, प्रश्न मात्र वेगळा.

खरं तर मुलींनी शिकायला बाहेर पडावं याची एक मोठी वाट आपल्याच तालुक्यातून निघाली आहे. धोंडो केशव कर्वे १८५८ साली शेरवलीला, याच खेड तालुक्यात जन्मले. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला शंभरावर मैल चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेल्या संस्थेने १९९४मध्ये फक्त मुलींसाठी आर्किटेक्चरचं कॉलेज काढलं. भानुबेन नानावटी कॉलेज ते. तिथे लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षणही मिळतं. म्हणजे परदेश ही एकच वाट नाही, हे मुलींना आधी सांगा. पुणे आहे, अहमदाबाद आहे, दिल्ली आहे.

आणि कर्व्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले! देवरुखची, विसाव्या वर्षी विधवा झालेली. इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसा गोळा करायला ती १९१८ साली अमेरिकेला गेली, तेव्हा तिला इंग्रजी धड येत नव्हतं. लोकांच्या घरी कामं करून तिने दिवस काढले. कोकणातली बाई परदेशी कशी राहील, असं कुणी विचारलं तर तिचं नाव सांगा. पण दुसरी गोष्टही सांगा. पार्वतीबाईंसारखं हिमतीवर सगळं सोसायची पाळी आजच्या मुलीवर येऊ नये, म्हणून तर तयारी करायची.

ती तयारी काय असते? या मुलीबरोबर दीड वर्ष फिरून मला जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे पोर्टफोलिओ. आपण केलेल्या कामाची चित्रं, नकाशे, टिपणं यांची वही. या विषयाच्या प्रवेशात मार्कांइतकाच, कधी जास्तच, तिचा विचार होतो. आमच्या मुलीने पहिली वही दाखवली तेव्हा तिच्यात काचेचे बंगले, हिरवळी आणि कारंजी होती. कॉम्प्युटरवर काढलेलं, चकचकीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी अडाण्यासारखं विचारलं, "यात तुझी वाडी कुठंय?" ती गप्प बसली. मग मे महिन्यात ती आजीबरोबर फिरली. विहिरीचं पाणी कधी तळाला जातं, पऱ्याची वाट कुठे बदलली, पागोळ्यांचं पाणी खळ्यातून कुणीकडे काढतात, गडग्याला भोकं का ठेवतात, सड्यावरचं पाणी पहिल्या पावसात कुठून उतरतं. आजी बोलत गेली, ही काढत गेली. वरच्या काजूच्या बागेपासून खाली भाताच्या खाचरांपर्यंत आणि पुढे नदीपर्यंत डोंगर उभा कापून दाखवणारं एक चित्र तिने केलं. त्यात बायका पाण्याला किती वेळा खालीवर करतात तेही मांडलं. तिच्या शिक्षकांनी तेच चित्र वहीच्या सुरुवातीला घ्यायला लावलं.

आजीला झाडं लावता येतात हे आईचं म्हणणं खरंच होतं. आजीला त्याहून बरंच काही येत होतं. ते ज्ञान आहे असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं, इतकंच.

एक बजावून सांगते. वहीत दुसऱ्याचं काम आपलं म्हणून घालायचं नाही. गटाने केलेलं काम असेल तर आपला वाटा किती ते लिहायचं. आजीने सांगितलं असेल तर आजीचं नाव घालायचं.

दुसरं, वेळ. बहुतेक विद्यापीठांत वर्ष पावसाळ्याच्या शेवटाला सुरू होतं, पण अर्ज आदल्या हिवाळ्यात जातात. म्हणजे सव्वा-दीड वर्ष आधी लागायला हवं. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. मुली शिक्षकांकडे ती मागायला संकोचतात, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. मुलगे थांबत नाहीत. मागायला शिकवणं हाही तयारीचाच भाग आहे. मुदतही देशागणिक वेगळी. बी.आर्क. झालेल्या मुलीला अमेरिकेत लँडस्केपच्या पदव्युत्तर शिक्षणाला बहुधा दोन वर्षं लागतात, इतर पदवीवाल्यांना तीन. ब्रिटनमध्ये एका वर्षाचेही अभ्यासक्रम आहेत.

तिसरं, पैसा आणि कागद. इथे खरी गाठ आहे.

जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही, हे ऐकून घरं हुरळतात. पण राहण्याखाण्याचे पैसे आधी बंद खात्यात दाखवावे लागतात. २०२४च्या सप्टेंबरपासून ते वर्षाला ११,९०४ युरो झाले. शिवाय म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या काहींनी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्कही लावलं आहे. मग कर्ज आलं. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. काही निवडक विद्यापीठांसाठी जास्त रक्कम विनातारण मिळते, त्याची चौकशी जरूर करा. पण एरवी प्रश्न येतो, तारण काय ठेवणार?

आमच्या मुलीच्या घरचा सातबारा काढला. त्यावर नावं अकरा. आजोबा मयत, चुलते मुंबईला, फाळणी झालेली नाही. शेतजमीन तारण घ्यायला बँक मुळातच नाखूश. आईचं नाव कुठेच नाही. आत्यांची नावं होती, ती हक्कसोडपत्राने गेलेली. भाऊबीज तुटेल म्हणून दोघींनी सह्या दिल्या होत्या. त्या दिवशी तहसीलच्या पायरीवर आई म्हणाली, "मी तीस वर्षं लावणी केली, आणि पोरीसाठी सही करायला माझ्याकडे एक गुंठा नाही." मैत्रिणींनो, महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला कायदा बदलला. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा स्पष्ट केला. मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा, पण मुलीचा हिस्सा तिथेही आहेच. आपण हक्कसोडपत्रावर सही करतो तेव्हा ती फक्त आपल्यापुरती नसते. पुढच्या मुलीच्या शिक्षणाचा दरवाजाही त्या कागदाने लागतो.

शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना जागा आहेत आणि ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. जे. एन. टाटा निधी १८९२पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. त्याच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर आपल्या महाराष्ट्रातल्याच. पण जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे सगळं हातात असेल तरच यांचा उपयोग. नाव प्रत्येक कागदावर सारखं हवं. दहावीच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, आणि लग्न झालं असेल तर तिसरं, असं असलं की पासपोर्टपासूनच अडकतं.

"लग्न करून जा" म्हणणाऱ्यांना आणखी एक माहिती द्या. जानेवारी २०२४पासून ब्रिटनमध्ये वर्गात शिकायच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना नवरा किंवा मूल सोबत नेता येत नाही. लग्न आधी उरकलं म्हणजे वाट सोपी होते असं नाही.

एजंटांबद्दल सावध राहा. विद्यापीठाकडून कमिशन मिळणारा सल्लागार त्याच विद्यापीठाचं नाव पुढे करणार. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या हाती ठेवू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, प्रवेशाचं पत्र थेट विद्यापीठाकडून पडताळा. कॅनडात गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर २०२३मध्ये परत पाठवलं जाण्याची वेळ आली होती. एजंटाने दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली होती.

आता मागच्या बाकावरच्या ताईंकडे येते. त्यांचा खरा प्रश्न असा की, वाडीत दहावीनंतर मुली घरी बसतात, एप्रिलमध्ये हंडे घेऊन लाइन लागते, आणि तुम्ही एकीला परदेशी पाठवण्याच्या गोष्टी करता? प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला तो रात्री छळतो. माझं उत्तर एवढंच. या एका मुलीसाठी जे करावं लागलं, म्हणजे सातबारा काढणं, आईचं नाव लावायचा अर्ज, दाखले, नावांची दुरुस्ती, ते प्रत्येकीसाठी करायचंच काम आहे. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला तेच लागतं आणि आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलीलाही. लांब जाणाऱ्या मुलीमुळे आपल्याला कळलं की कागद किती मोकळे आहेत.

आणि एक विनंती. गेलेल्या मुलीवर "परत येऊन गावाचं भलं कर" असं ओझं घालू नका. आखातात गेलेल्या मुलाला आपण ते कधी म्हटलं नाही. ती आली तर आनंद. नाही आली तरी तिचं शिक्षण तिचं आहे.

आमच्या मुलीला प्रवेश मिळाला आहे. पैशाचं अजून जमलेलं नाही. कदाचित ती यंदा पुण्यालाच जाईल. आईचं नाव सातबाऱ्याला लावायचा अर्ज मात्र दिला आहे. त्यासाठी घरात भांडण झालं, आई दोन दिवस जेवली नाही, मग आजीने चुलत्यांना फोन लावायला लावला.

आपण मुलीची एकच पाठवणी जाणतो. तिच्यासाठी वर्षानुवर्षं भांडी जमवतो, साड्या जमवतो. या दुसऱ्या पाठवणीसाठी कागद जमवू या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यायचं. कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, ते आपण सगळ्याजणी बसून वाचू. पहिली सुरुवात माझ्या घरच्या सातबाऱ्याने करते. त्यावर माझंही नाव नाही.