वडीलधाऱ्यांची सोय आणि आपली लाज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



चिटणिसांनी मला या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी दरवर्षीप्रमाणे विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाविषयी बोलेन, अशीच त्यांची अपेक्षा असावी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. उभा जन्म खडू हाती धरला, त्यामुळे मुलांविषयी बोलणे मला सोपे जाते. परंतु आज मी जो विषय घेऊन उभा आहे, तो आपल्या सभांतून कधी निघत नाही. घरातील वृद्ध माणसासाठी वृद्धाश्रम पाहण्याची वेळ आली, तर तो कसा निवडावा, हा तो विषय होय.

हे ऐकताच काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली, हे मला येथून दिसत आहे. 'असली थेरे आपल्या समाजात नाहीत,' असे आपण म्हणाल. चार वर्षांपूर्वी मीही असेच म्हणत असे. म्हणून उपदेश करण्याआधी माझ्या घरची हकीकत सांगणे मला प्राप्त आहे.

माझी आई मी लहान असतानाच वारली. मला वाढविले ते माझ्या आत्याबाईने. तिला ऐन तारुण्यात वैधव्य आले, मूलबाळ नव्हते. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी तिच्या नावे दोन एकर धानाची शेती होती. ती तिने माझे शिक्षण झाल्यावर माझ्या स्वाधीन केली. पुढे माझ्या पत्नीला पक्षाघात झाला आणि त्याच वर्षी आत्याबाई न्हाणीघरात घसरून पडली. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास. घरात दोन रुग्ण आणि करणारा मी एकटा. शेवटी आत्याबाईला वृद्धाश्रमात ठेवावयाचे ठरले. त्यात मी पाप केले, असे मला आजही वाटत नाही. पाप घडले ते पुढेच.

त्या वेळी माझ्या धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. 'ज्या घरात म्हातारीला आश्रमात टाकले, तेथे मुलगी कशी असेल?' असे कोणी म्हणेल, या धास्तीने मी आपल्या जिल्ह्यातील एकही आश्रम पाहिला नाही. दीडशे किलोमीटर दूर, नागपुरातील एक गृह शोधले. फरशी चकचकीत, बाग सुरेख. गावात मात्र मी सांगितले की, आत्याबाई नात्यातल्या लोकांकडे राहावयास गेली आहे. तिला विचारले नाही. दवाखान्यात जावयाचे आहे, एवढेच सांगून गाडीत बसविले.

त्या गृहाला मी दोष देत नाही. तेथील माणसे आपले काम नीट करीत. पण आत्याबाईची बोली झाडीपट्टीची. 'डोळ्या'ला ती 'डोरा' म्हणणार. शहरातील बायकांना तिचे हसू येई. तिला दोन्ही वेळ भात लागे. तेथे रात्री पोळी. मी महिन्यातून एकदा जाई, कधी दोन महिन्यांतून. सहा महिन्यांत तिने बोलणे जवळजवळ टाकले. एकदा मी निघताना तिने माझा हात धरला आणि विचारले, "मी कोठी आहो, थे लोकाईले सांगतस का नाई, बापू?" मला उत्तर देता आले नाही. परतीच्या प्रवासात मला उमजले की, मी आत्याबाईची सोय पाहिली नव्हती. माझ्या लाजेची सोय पाहिली होती.

पुढच्या महिन्यात मी तिला आपल्याच जिल्ह्यात, एस.टी.ने तासाभराच्या अंतरावरील आश्रमात आणले. इमारत साधी, बागही नाही. परंतु तेथे चार बायका तिच्या बोलीच्या आहेत, रात्री भात मिळतो, आणि सकाळी भाजी निवडण्याचे काम तिने आपण होऊन मागून घेतले आहे.

बंधुभगिनींनो, या अनुभवातून ज्या गोष्टी मी शिकलो, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, आपल्या माणसाला नेमके काय हवे आहे, ते आधी ठरवावे. स्वयंपाक व सोबत एवढेच हवे असेल, तर शेजारची एखादी बाई कामाला ठेवूनही निभावते; आश्रमाची गरजच पडत नाही. बहुतेक वृद्धाश्रम चालते-फिरते, स्वतःचे स्वतः करणारे वृद्ध घेतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसास रात्रंदिवस परिचारिका असलेली जागा लागते. आज चालणारे माणूस उद्या पडले, तर आश्रम त्याला ठेवून घेईल की परत पाठवील, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारावे.

दुसरी गोष्ट, त्या माणसाला विचारावे आणि शक्य तर जागा दाखवावी. आपण मुलांना शाळेत घालताना सुद्धा एक दिवस आधी शाळा दाखवून आणतो. प्रथम महिनाभर राहून पाहावे, न रुचल्यास परत यावे, असा करार घरातल्या घरात असावा. घरची खाट मोडू नये.

तिसरी गोष्ट, जागा पाहावयास न कळविता जावे, आणि तेही सायंकाळी जेवणाच्या वेळी. दिवाणखाना पाहू नये, शौचालय पाहावे. भिंतीला धरावयास दांडी आहे काय, रात्री दिवा असतो काय, फरशी ओली राहते काय, हे पाहावे. रात्री मुक्कामाला कोण असते आणि कोणाच्या छातीत दुखू लागल्यास गाडी कोठून येते, ते विचारावे. तेथे राहणाऱ्या वृद्धांशी व्यवस्थापकांच्या माघारी दोन शब्द बोलावे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, अनामत रक्कम परत मिळते काय, पैशाची पावती मिळते काय, हेही पाहावे. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ सालापासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. ते कार्ड काढून बरोबर द्यावे.

चौथी गोष्ट, तेथे हाताला काही काम आहे काय, ते पाहावे. आपल्या वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. महारोग झाला म्हणून ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले, त्यांनी तेथे शेती केली, माग चालविले आणि एकमेकांच्या सोबतीने मानाने म्हातारपण काढले. खाऊन पडून राहण्याने माणूस लवकर खचते, हे आपण शेतकरी घरातील लोक जाणतोच.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंतर. आश्रम असा निवडावा की, आठवड्यातून एकदा घरचे कोणी जाऊ शकेल. आपल्या जिल्ह्यांत हे सोपे नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. तिकडच्या कुटुंबांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. तथापि चंद्रपूर परिसरात सोय नाही, असे नव्हे. विसापूरजवळ भिवकुंड येथील मातोश्री वृद्धाश्रम, देवाडा येथील डेबू सावली वृद्धाश्रम, ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आहेत. 'डेबू' हे गाडगेबाबांचे बाळपणीचे नाव. ज्यांना आसरा नाही त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधीत फिरलेल्या त्या पुरुषाचे नाव ज्या दारावर आहे, तेथे जाण्याची लाज आपण का बाळगावी? पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ सालापासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. तेव्हा पोळ्याला आणि दिवाळीला म्हाताऱ्या माणसाला घरी आणावयास भाड्याचीही सबब उरली नाही.

आता कायद्याचे दोन शब्द. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःच्या उत्पन्नावर राहू शकत नसेल, तर तिला मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करावयाचा. वकील लागत नाही. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगाच्या ताब्यात आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे, त्याच्यावरही हीच जबाबदारी येते. हे कलम वाचले तेव्हा मला आत्याबाईची दोन एकर बांधी आठवली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरविता येते. म्हणून वडील मंडळींना माझी विनंती आहे की, बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर लिहून घ्यावी. मुले वाईट आहेत म्हणून नव्हे. लिहिलेले असले म्हणजे सर्वांनाच आठवण राहते.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना करतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांतील सुमारे दहा माणसे साठीच्या पुढची होती. आज तर मुले पुणे-हैदराबादेस आणि गावात म्हातारी, हे चित्र घरोघरी आहे. मंडळ वधूवर सूची छापते, ते योग्यच आहे. त्याचबरोबर आपल्या समाजातील कोणते वृद्ध कोणत्या आश्रमात आहेत, त्यांची एक यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा दोघांनी जाऊन त्यांना भेटून यावे. आणि सोयरीक जुळविताना 'त्यांची म्हातारी आश्रमात आहे' असे कोणी कुजबुजले, तर त्याला एवढेच विचारावे, 'घरचे तिला भेटावयास जातात काय?' जात असतील, तर त्या घरात मुलगी खुशाल द्यावी.

माझ्या मुलीचे लग्न गेल्या वर्षी झाले. आत्याबाई मांडवात पुढच्या खुर्चीवर बसली होती. व्याह्यांना ती कोठे राहते, हे मी बोलणीच्या वेळीच सांगितले होते. त्यांनी मुलाला घेऊन आश्रमात जाऊन तिच्या पाया पडण्याची इच्छा दाखविली. ज्या भीतीपायी मी एका म्हाताऱ्या जिवाला सहा महिने मुके केले, ती भीती इतकी पोकळ होती.

परवा रविवारी मी तिला भेटावयास जाणार आहे. आपल्या सर्वांसमोर मी तिचा ठावठिकाणा सांगितला, हे तिला सांगेन.