सावकाश जेवणारा मासा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, ‘पाच मिनिटं तुमच्या माशांवर बोला.’ आता कोल्हापुरात मासा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘फ्राय की रस्सा?’ आमच्या घरचे मासे मात्र नुसते बघायचे. सोसायटीतली निम्मी पोरं रविवारी त्यासाठी आमच्याकडेच असतात.

खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे घरात समुद्र सांभाळणं. शुद्ध पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम खास मीठ विरघळवायचं, पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवायचं. हे जमलं आणि मला वाटलं, आपण आता तयार झालो. त्याच तोऱ्यात एका दुकानातून पाइपफिश आणला.

पाइपफिश म्हणजे समुद्री घोड्याचा चुलतभाऊ. घोडा ताणून सरळ केला की झाला पाइपफिश! अंगावर हाडांच्या कड्यांचं चिलखत, तोंडाची बारीक नळी, दात नाहीत. या कुळात अंडी नर सांभाळतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, ‘शिका जरा काहीतरी!’

मी रोज दोनदा खाणं टाकायचो. बाकीचे मासे तुटून पडायचे, अर्ध्या मिनिटात फन्ना. हा मात्र एकेका कणाजवळ जाणार, दोन डोळे दोन दिशांना फिरवत निरखणार, मग नळीनं ओढणार. तोवर सगळं संपलेलं. तिसऱ्या आठवड्यात तो तळाशी पडलेला दिसला.

शेजारच्या छोट्या मुलीनं विचारलं, ‘काका, टँकमध्ये एवढं खाणं टाकत होता, मग तो उपाशी कसा मेला?’

मग मी वाचायला बसलो. खरं तर आधीच बसायला हवं होतं. पाइपफिशला जठरच नसतं. खाल्लेलं साठून राहत नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. तेही बहुतेक वेळा जिवंत, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म कोपेपॉड किंवा आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्लं. चपळ माशांच्या संगतीत त्याचा निभाव लागत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, 2001 साली समुद्री घोड्याच्या सगळ्या कुळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणजे तो माझ्या घरी यायलाच नको होता. हे कळल्यावर मान खाली गेली.

आपल्या पंगतीत एखादे आजोबा सावकाश जेवत असतील, तर आपण त्यांच्यासाठी थांबतो. माझ्या टँकमध्ये वाढपी मीच होतो. पण मी किती वाढलं तेवढंच बघितलं, कुणाच्या तोंडात गेलं ते बघितलं नाही.

आता टँकमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आहे. खाणं टाकलं की मी तिथंच बसतो, दोघांचं होईपर्यंत. पोरांनो, कुठलाही जीव घरी आणण्याआधी दोन गोष्टी विचारा : याला आणायची परवानगी आहे का, आणि हा जेवतो कसा? आणि समुद्रच बघायचा असेल, तर 1987 पासून सागरी अभयारण्य असलेलं मालवण आपल्याला काही लांब नाही. सोसायटीची पुढची सहल तिकडंच काढूया.