रुग्णवाहिकेवरील सेवकाची पात्रता

परदेशांत रुग्णवाहिकेवर बहुधा डॉक्टर नसतो, प्रशिक्षित सेवक असतो. आणि त्याचा अधिकार प्रदेशागणिक बदलतो. अमेरिकेत १९७० साली स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणी संस्था चार श्रेणींची प्रमाणपत्रे देते. सेवेचा परवाना मात्र ज्या त्या राज्याचा. कॅनडात तर नवलच! अल्बर्टा प्रांतात ‘इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर’ ही पहिली श्रेणी मान्य आहे. ओंटारिओत रुग्णवाहिकेवर सर्वसाधारणपणे वरची ‘प्रायमरी केअर पॅरामेडिक’ ही पात्रता लागते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये ‘१०८’ सेवा सुरू करताना गाडीत डॉक्टरच नेमला. पण गाडी येईपर्यंत जखम दाबून धरणारे हात गावातलेच असतात. त्यांच्यासाठी आपल्या शाळेत वा ग्रामपंचायतीत प्रथमोपचाराचा वर्ग भरतो काय, एवढे पाहावे.