जखमी बदकाची शुश्रूषा आणि आपली मुले

(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. पटनोंदणी, गळती, वाचनाची तयारी असे थोर विषय सोडून हा मनुष्य बदकाविषयी काय सांगणार, असेही वाटेल. परंतु खाडीकाठच्या व तळ्याकाठच्या गावांत ज्यांनी शाळा चालविली आहे, त्यांना ठाऊक आहे की अनेक मुलांच्या घरी दोनचार बदके असतात, आणि त्यांतले एखादे मुलाचे अगदी जिवाभावाचे असते. ते जखमी झाले म्हणजे मूल कोणाकडे धाव घेते? घरची मंडळी कामावर गेलेली असतात. म्हणून ते आपल्याकडेच येते. त्या वेळी आपण काय करतो, ह्यावर बदकाचा जीव तर अवलंबून असतोच, पण मुलाचा आपल्यावरील विश्वासही अवलंबून असतो.

प्रथम माझीच चूक सांगतो. 2017 सालच्या पावसाळ्यात चौथीतील एक मुलगी प्रार्थनेपूर्वी टॉवेलात गुंडाळलेले बदक घेऊन आली. रात्री कुत्र्याने ते धरले होते. सारा वर्ग भोवती जमला. आपण काहीतरी केले पाहिजे, ह्या भावनेने मी खोबरेल तेलात हळद कालवून जखमेवर थापली, चमच्याने चोचीत पाणी ओतले, आणि बदकाला पाण्यात बरे वाटेल म्हणून शाळेमागील टाकीत सोडले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. संध्याकाळपर्यंत ते कुडकुडू लागले व दुसऱ्या दिवशी मेले. मुलीने विचारले, "गुरुजी, औषध लावलं होतं, तरी का मेलं?" मी म्हणालो, "त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

ते उत्तर खरे नव्हते. पुढे एका पशुवैद्यांशी बोललो, तेव्हा ध्यानात आले की मी केलेली तिन्ही कामे चुकीची होती. त्यांच्याकडून व नंतरच्या वाचनातून जे शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवतो.

जखमी बदकाला सर्वांत आधी औषध नको असते. शांतता, ऊब आणि थोडा अंधार हवा असतो. भीतीच्या धक्क्यानेही पक्षी दगावतो. म्हणून दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, खालून आधार देऊन त्याला उचलावे. कोंबडीप्रमाणे पाय धरून उचलू नये, कारण बदकाचे पाय नाजूक असतात व सांधा निखळू शकतो. मोठ्या टोपलीत वा खोक्यात स्वच्छ जुने कापड अंथरून त्यास ठेवावे आणि हवा खेळेल अशा रीतीने वरून पातळ फडके टाकावे. भाताचा पेंढा घातल्यास तो कोरडा असावा. बुरशी धरलेल्या पेंढ्यामुळे पक्ष्यांना फुप्फुसांचा रोग जडतो. मुलांची गर्दी प्रथम दूर करावी. बदकाचे अंग हातास ऊन लागले म्हणून ज्वर आहे असे समजू नये. त्याच्या शरीराचे उष्णतामान निरोगी अवस्थेतही सुमारे 41 ते 42 अंश सेल्सिअस असते.

आता जखमेकडे वळू. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने काही मिनिटे न उचलता दाबून धरावे. मग पिसे हलकेच बाजूला सारून सर्व अंग पाहावे. कुत्र्यामांजराच्या दातांची भोके पिसांखाली लपून राहतात. वरून मोहरीएवढी दिसणारी जखम आत खोल असते, आणि दातांबरोबर गेलेले जंतू एकदोन दिवसांत सर्वांगात विष पसरवितात. म्हणून चावा कितीही लहान असो, पशुवैद्याकडून जंतुनाशक औषध मिळालेच पाहिजे. तोपर्यंत उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ विरघळवून, त्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवावी. मात्र पंखाचे वरचे हाड मोडून जखम उघडी झाली असेल, तर तेथे पाणी ओतू नये. पक्ष्यांची काही हाडे पोकळ असून श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेली असतात. तेथे घातलेले पाणी थेट आत उतरू शकते.

तेल, तूप, तेलकट मलम, राख, कॉफीची पूड ह्यांपैकी काहीही लावू नये. बदक शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील स्निग्ध द्रव चोचीने पिसांवर फिरवीत असते. त्यामुळे आणि पिसांच्या घट्ट रचनेमुळे पाणी आत शिरत नाही. परके तेल ही रचना बिघडविते, मग पिसे भिजतात आणि पक्षी गारठतो. माझ्या हातून मेलेल्या बदकाचे हेच झाले. जखमी बदकास टाकीत सोडणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे. जखम भरेपर्यंत त्यास पोहू देऊ नये.

पावसाळ्यात माशांचे भय मोठे. जखमेवर माशीने अंडी घातल्यास फार थोड्या वेळात अळ्या पडतात. म्हणून टोपलीवर मच्छरदाणीचे कापड बांधावे व सकाळ-संध्याकाळ जखम पाहावी. अळ्या दिसल्यास चिमट्याने वेचाव्यात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पंख लोंबत असेल, तर तो नैसर्गिक घडीत ठेवून मऊ कापडाच्या पट्टीने अंगाशी बांधावा. छातीवर पट्टी आवळू नये. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड हलवूनच तो श्वास घेतो. पट्टीखाली बोट सहज शिरले पाहिजे. पाय मोडल्यास खपच्या बांधण्याचा प्रयोग आपण करू नये.

चोचीत पाणी ओतणे ही माझी दुसरी चूक. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी असते. ओतलेले पाणी फुप्फुसांत जाऊ शकते. त्याऐवजी नाकपुड्यांपर्यंत चोच बुडेल एवढ्या खोल, पण जड व न कलंडणाऱ्या भांड्यात पाणी ठेवावे. बदक डोळे आणि नाक त्यातच धुते, आणि पाण्यावाचून त्यास कोरडे अन्न नीट गिळता येत नाही. भिजवलेली कणी, कोंडा, उकडलेले वाटाणे, बारीक चिरलेली पालेभाजी द्यावी. पावाचे तुकडे घालू नयेत. शेंगदाण्याची बुरसलेली पेंड तर मुळीच देऊ नये. 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि त्या शोधातून बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन ह्या विषाची ओळख पटली. बदकाची पिल्ले ह्या विषास विशेष लवकर बळी पडतात.

माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन आपल्या देशातील गिधाडे कशी नष्टप्राय झाली, हे आपण जाणतोच. म्हणून 2006 साली पशुवैद्यकातील त्या औषधावर बंदी आली. औषध पशुवैद्यानेच ठरवावे. जवळचा दवाखाना दूर असल्यास 1962 ह्या क्रमांकावर फिरत्या पथकाची विचारणा करता येते. औषध चालू असताना त्या बदकाची अंडी किंवा मांस किती दिवस खावयाचे नाही, हेही वैद्यास विचारून घरच्यांना सांगावे.

एक सावधगिरी आणखी. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. आणि गावात एकाएकी अनेक पक्षी मरू लागले, तर शुश्रूषा बाजूला ठेवावी, कोणासही हात लावू देऊ नये व पशुसंवर्धन खात्यास कळवावे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू प्रथम आढळला, हे आपण विसरता कामा नये.

ह्या सर्वांत शाळेचे काम कोणते? जखम धुणे व औषध देणे हे मोठ्यांचे काम. परंतु रोज ठरावीक वेळी बदकाचे वजन करणे, किती खाल्ले ते लिहिणे, पाणी बदलणे, अंथरूण वाळविणे, माशी बसू न देणे ही मुलांची कामे होत. वजनाचा तक्ता हा गणिताचा पाठ होतो आणि निरीक्षणवही भाषेचा. 1976 साली घटनेत समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे. दया म्हणजे उमाळा नव्हे. सकाळी सहा वाजता उठून पाणी बदलणे म्हणजे दया, हे मुलास बदकाच्या टोपलीपाशी जितके कळेल तितके व्याख्यानाने कळणार नाही.

2019 साली त्याच मुलीचा धाकटा भाऊ पंख फाटलेले बदक घेऊन आला. घरी ते कापण्याचा विचार चालला होता. ज्या घरी बदके पोटासाठी पाळतात, त्या घरास मी उपदेश केला नाही. एवढेच विनविले की वैद्य पाहीपर्यंत थांबावे. वडिलांनी मानले. जखम भरावयास सुमारे तीन आठवडे लागले. पंख किंचित लोंबताच राहिला, पण बदक जगले. पिसांवरून पाणी पुन्हा ओघळू लागल्यावर थोडा थोडा वेळ त्यास पाण्यात सोडले.

तेव्हा सहावीत असलेल्या त्या मुलीस मी बोलावून सांगितले, की तुझे बदक आयुष्य सरल्यामुळे नव्हे, तर माझ्या अज्ञानामुळे मेले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी टॉवेलात घट्ट गुंडाळलं म्हणून ते मेलं."

बंधुभगिनींनो, दोन वर्षे ते मूल माझ्या चुकीचे ओझे आपल्या शिरावर वाहत होते. प्रत्येक बदक जगेलच असे नाही. कित्येकदा सर्व काही नीट करूनही ते जाते. अशा वेळी मुलास खरे कारण सोप्या शब्दांत सांगावे, आणि चूक आपली असेल तर ती आपली म्हणून सांगावी. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.