फिरती करवत-गिरणी

यांत्रिक गिरण्या येण्यापूर्वी ओंडका चिरण्याचे काम दोन माणसे करीत. जमिनीत खड्डा खणून किंवा लाकडाची उंच घोडी उभारून तीवर ओंडका ठेवावयाचा, एकाने वर उभे राहावयाचे, दुसऱ्याने खाली. आणि लांब करवत वरखाली ओढावयाची. वरच्याने रेघ सांभाळावयाची, खालच्याने डोळ्यांत पडणारा भुसा सोसावयाचा. दिवसाकाठी फळ्या थोड्याच निघत. परंतु त्या दोघांपाशी एक विद्या असे. काम थांबले की कानस घेऊन ते करवतीचा एकेक दात धारेवर आणीत आणि त्याचा झुकाव नजरेने तपाशीत. पुढे इंजिनावर चालणारी गिरणी आली आणि अंगमेहनत पुष्कळ वाचली. त्या विद्येची गरज मात्र तशीच राहिली. जुनी गिरणी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्या अनेकांच्या हे फार उशिरा ध्यानात येते.

फिरती गिरणी म्हणजे ओंडका गिरणीकडे नेण्याऐवजी स्वतः ओंडक्याकडे जाणारी गिरणी. तिचे मुख्य प्रकार दोन. एकात गोल करवत फिरते; दुसऱ्यात दातेरी पोलादी पट्टी दोन चाकांवरून अखंड धावते. या पट्टी-करवतीचे पेटंट विल्यम न्यूबेरी याने इंग्लंडात १८०८ साली घेतले. परंतु पट्टीची टोके जेथे जोडावयाची तो सांधाच टिकेना. १८४६ साली क्रेपॅन नावाच्या एका फ्रेंच स्त्रीने टिकाऊ सांध्याची रीत शोधून काढली, तेव्हा कोठे ही करवत व्यवहारात आली.

दोन प्रकारांतला फरक हिशेबाने समजतो. गोल करवतीची चीर सहा मिलिमीटर रुंद आणि पट्टीची दोन मिलिमीटर धरू. ३०० मिलिमीटर जाडीच्या चौरस ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढावयाच्या झाल्यास पहिलीने नऊ निघतील, दुसरीने अकरा. मधल्या दोन फळ्या भुसा होऊन उडून जातात. गोल करवत दणकट आणि राखण्यास सोपी, पट्टी काटकसरी पण नाजूक. कोणती घ्यावी हे आपल्यापाशी कोणते लाकूड आहे आणि धार लावणारा कोण आहे, यावर ठरवावे.

या लहानशा यंत्रावर गावाचे केवढे हित अवलंबून राहू शकते, हे पाहावयाचे तर पापुआ न्यू गिनीकडे दृष्टी टाकावी. हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. तेथील बहुतेक जमीन आणि तिजवरील रान परंपरेने कुळांच्या व गावांच्या मालकीचे आहे. बाहेरच्या कंपन्या येत, रान तोडीत, ओंडके जहाजात भरीत आणि मालकांच्या हातावर अल्प मोबदला ठेवीत. या व्यवहारातील गैरप्रकारांची चौकशी १९८७ ते १९८९ या काळात न्यायमूर्ती थॉमस बार्नेट यांच्या आयोगाने केली. त्याच सुमारास तेथे एका लहान गिरणीचा प्रसार होत होता. तिचे भाग सुटे करून माणसांना रानात उचलून नेता येत. तिला लोकांनी आपल्या टोक पिसिन भाषेत ‘वोकाबाउट सोमिल’, म्हणजे फिरती गिरणी, असे नाव दिले. निवडक झाडे तोडावी, ती तेथेच चिरावी, फळ्या विकाव्या, आणि रान व पैसा दोन्ही गावात राखावे, अशी ती कल्पना होती.

कल्पना उत्तम होती आणि काही गावांत तिला यशही आले. परंतु अनेक गिरण्या लवकरच गवतात गंजत पडल्या. सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती जमेना, हिशेब राहीना. यंत्र बंद पडले की कर्जाचा हप्ता थांबत नाही. आणि दारात उभ्या असलेल्या कंपनीला नकार देणे मग अधिकच कठीण होते. लोक आळशी होते असे नव्हे. यंत्र चालविण्याचे शिक्षण लवकर मिळते, ते राखण्याचे शिक्षण मिळण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांना पुरेसा मिळाला नाही.

तो वेळ कशात घालवावयाचा, हे आता क्रमाने पाहू.

जुनी गिरणी पाहावयास जाताना इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर त्याचे कारण विचारावे. धूर निळसर असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. तेलाला दुधी रंग आला असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. मग इंजिन बंद करून पट्टीची चाके हाताने फिरवावी. घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेले आहे, चाक डुलत असेल तर आस झिजला आहे. नव्या रंगाखाली जोडकामाच्या चिरा लपलेल्या असतात, म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावे. बेअरिंग, पुल्या व पट्टे बाजारात मिळतात; वाकलेला सांगाडा सरळ करणारा सहसा मिळत नाही.

गिरणी घरी आणल्यावर पहिला दिवस इंजिन न लावता घालवावा. रुळांची चौकट पक्क्या जमिनीवर मांडून दोरी, पाणसळ आणि गुण्या घेऊन ती तपासावी. चौकट मध्ये दबलेली असेल तर फळी एके ठिकाणी जाड व दुसऱ्या ठिकाणी पातळ निघते, आणि नवशिका उगाच करवतीला दोष देतो. पट्टी दोन्ही चाकांवर काठापासून सारख्याच अंतरावर धावते की नाही हेही चाके हाताने फिरवून पाहावे.

यानंतर दात. दाताला तीन गोष्टी लागतात: धार, झुकाव आणि दोन दातांमधील खोलगट जागा. धारेने लाकूड कापले जाते. झुकाव म्हणजे एक दात डावीकडे, एक उजवीकडे व बहुधा एक सरळ अशी मांडणी. तिच्यामुळे चीर पट्टीच्या जाडीहून रुंद होते आणि पट्टी घासून तापत नाही. खोलगट जागा भुसा वाहून बाहेर टाकते. घासताना ती जागा उथळ झाली किंवा तिच्या तळाशी टोकदार कोपरा राहिला, तर भुसा कोंडतो आणि तेथूनच तडा जाण्यास आरंभ होतो. तडा दिसलेली पट्टी त्याच क्षणी बाजूस काढावी. तिच्याकडून आणखी एक ओंडका काढून घेण्याचा मोह महागात पडतो.

शिकणाऱ्याला उत्तम गुरू म्हणजे भुसा. धारदार करवतीचा भुसा रवाळ पडतो. बोथट करवतीचा पिठासारखा बारीक होतो आणि कधीकधी जळका वास येतो. फळीवर लाटा उमटल्या तर तीन कारणे शोधावी: धार गेली, पट्टीचा ताण कमी पडला किंवा करवत घाईने पुढे रेटली. करवत सतत एकाच बाजूस ओढू लागली तर त्या बाजूचा झुकाव अधिक झाला आहे. लाकडाचा चीक पट्टीस चिकटू नये म्हणून साबणाच्या पाण्याचे थेंब तीवर सोडतात. दिवस संपल्यावर पट्टीचा ताण सैल करावा. ताणलेली पट्टी रात्रभर तशीच ठेवल्याने पट्टी आणि चाकांवरील रबर दोन्ही लवकर खराब होतात.

ओंडकाही वाचावा लागतो. उतारावर वाकडे वाढलेले झाड आपल्या अंगात ताण धरून असते. एकाच बाजूने फळ्या काढीत गेले तर उरलेला भाग धनुष्यासारखा वाकतो, म्हणून मधून मधून ओंडका उलटवीत जावे. अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांत जुने खिळे व तारा सालीखाली बुजून गेलेल्या असतात. एका खिळ्यापायी सकाळभर लावलेली धार क्षणात जाते.

खिळ्याने पट्टी जाते. निष्काळजीपणाने हात जातो. पट्टीला स्पर्श करण्यापूर्वी इंजिन बंद करून त्याच्या ठिणगीची तार काढून ठेवावी. करवतीच्या रेषेत कधीही उभे राहू नये. सैल बाह्या, उपरणे, धोतराचा सोगा यांना तेथे जागा नाही. गुंडाळलेली पट्टी सोडताना ती स्प्रिंगसारखी उसळते, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. मुलांना तमाशा पाहावयास जवळ येऊ देऊ नये.

शेवटचे साधन म्हणजे एक साधी वही. इंजिन किती तास चालले, तेल केव्हा बदलले, कोणती पट्टी कितव्यांदा घासली, किती फळ्या निघाल्या, हे रोज लिहावे. आणि मिळकतीतून पट्ट्या व बेअरिंग यांसाठी काही रक्कम प्रथम बाजूस काढावी. शिवाय धार लावणे एकालाच येऊन भागत नाही. तो आजारी पडला किंवा गाव सोडून गेला की गिरणी थांबते. निदान दोघांनी तरी ते शिकावे.

हे सारे आपल्याशी संबंध नसलेले आहे असे नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांतील असंख्य झाडे आडवी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने कोकण आणि गोव्यात तेच केले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला फणस पडला, तर तो जळणाच्या भावाने जाऊ द्यावयाचा की त्याच्या फळ्या करून घराच्या दाराला लावावयाच्या, हा प्रश्न तेव्हा अनेक अंगणांत उभा होता. आपल्या देशात मात्र करवत-गिरणी मन मानेल तशी चालविता येत नाही. जंगलांच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांनी गिरण्यांवर कडक नियंत्रण आले. तेव्हा यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत जाऊन परवान्याची चौकशी करणे, हा या शिक्षणाचा पहिलाच धडा होय.

परवाना मिळेल, यंत्रही मिळेल. त्यानंतर दिवस मावळताना, दमलेल्या हातांनी, दिव्याच्या उजेडात एकेक दात घासण्याइतका धीर ज्याच्यापाशी असेल, त्याच्याच अंगणात ती जुनी गिरणी पुढच्या पावसाळ्यानंतरही चालू राहील.