उकव्याच्या दगडाचा जमाखर्च

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून वर आला, की उकवा लागते. भुईखालून मँगॅनीजचा काळा, जड दगड काढणे हा येथला मोठा उद्योग. ही खाण नागपूरच्या ‘मॉइल’ कंपनीकडे आहे. कंपनी १९६२ साली स्थापन झाली. येथल्या मुलाला रसायनशास्त्राचे पुस्तक उघडण्यापूर्वीच मँगॅनीज हा शब्द ठाऊक असतो. आणि संयुगांची नावे शिकताना नेमका हाच धातू त्याला चकवतो.

मिठाची गोष्ट सोपी. सोडियमचा धनभार एक, क्लोरिनचा ऋणभार एक. म्हणून एकास एक. कॅल्शियमचे भार दोन, त्याला क्लोरिन दोन लागतात. जमा आणि खर्च मिळून शून्य आले पाहिजे, एवढाच सूत्राचा नियम. नावात आधी धातू, मग अधातू, आणि शेवटी ‘आइड’. कॅल्शियम क्लोराइड म्हणताच सूत्र हाती येते, कारण कॅल्शियम आपला भार बदलीत नाही.

मँगॅनीज बदलतो. ‘मँगॅनीज ऑक्साइड द्या’ असे कोणी म्हटले, तर जाणत्या दुकानदाराने ‘कोणते?’ असेच विचारावे. ऑक्सिजनचे ऋणभार प्रत्येकी दोन. मँगॅनीजचे भार दोन असले, तर एकास एक अणू पुरतो. ते मँगॅनस ऑक्साइड, रंगाने हिरवट. भार तीन असले, तर दोन मँगॅनीजना तीन ऑक्सिजन. ते मँगॅनिक ऑक्साइड. भार चार असले, तर एकास दोन. हे काळे डायऑक्साइड. बॅटरीच्या सेलमध्ये जाते ते हेच. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉइल’ ते विजेच्या साहाय्याने तयार करते. त्याच्या जागी हिरवट भुकटी भरली, तर सेल चालणार नाही. नावातील एका अक्षराची किंमत एवढी असते.

‘अस’ म्हणजे कमी भार, ‘इक’ म्हणजे अधिक, ही जुनी रीत. लोखंडाच्या फेरस-फेरिकला ती पुरते. पण तिच्यात दोनच घरे. मँगॅनीजला ती अपुरी पडतात. म्हणून आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनज्ञाने १९१९ साली धातूच्या नावापुढे कंसात भाराचा रोमन आकडा लिहिण्याची सूचना केली. मुलांना ही रीत आधी शिकवावी; ‘अस’ आणि ‘इक’ घोकून पाठ करण्यात त्यांचा फार वेळ जातो.

पटकीच्या साथीत विहिरीत टाकले जाई ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, यांतही हाच धातू. चार ऑक्सिजनचे ऋणभार आठ. पोटॅशियमचा एक धनभार वजा जाता मँगॅनीजच्या नावे सात उरतात. हे सात हिशेबापुरतेच, सुटे असे नव्हेत.

आता खुद्द दगडाकडे यावे. या पट्ट्यातील मुख्य खनिज ब्राउनाइट. हे नाव गोथा येथील ब्राउन नामक गृहस्थावरून पडले. त्यावरून आतल्या मालाचा काहीच पत्ता लागत नाही. सूत्रात मँगॅनीज सात, सिलिकॉन एक, ऑक्सिजन बारा. बारांचे ऋणभार चोवीस. सिलिकॉनच्या नावे चार धरले, की वीस उरतात, आणि वीस सातांत सारखे वाटता येत नाहीत. मुले येथे अडतात. एकाच दगडात मँगॅनीज दोन रूपांनी राहतो हे ध्यानी आले, म्हणजे गाठ सुटते: सहांचे प्रत्येकी तीन, म्हणजे अठरा, सातव्याचे दोन.