आधी पाटीवर, मग वहीत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्यातील काही कुटुंबे आता ऑनलाइन दुकाने चालवितात. अशा दुकानाचे रंगरूप व मांडणी ज्या संचाने ठरते, त्यास 'थीम' म्हणतात. चालू दुकानातच तिच्यात फेरफार करणे म्हणजे गिऱ्हाईक पायरीवर उभे असता भिंत पाडावयास घेणे होय. एखादे चिन्ह चुकले तरी सारे पान कोरे पडू शकते. गिऱ्हाईक मुकाट्याने दुसरीकडे जाते, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो विनामूल्य आहे. वर्डप्रेस व २०११ साली निघालेले वूकॉमर्स ही साधने फुकट मिळतात. झॅम्पसारख्या संचाने आपला संगणकच सर्व्हर बनतो आणि 'लोकलहोस्ट' या पत्त्यावर दुकान उघडते. मूळ थीमला हात न लावता तिची 'चाइल्ड थीम' करावी. म्हणजे मूळ थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले श्रम पुसले जात नाहीत. नमुन्याचा माल मांडावा, लुटुपुटीची मागणी नोंदवावी, मोबाईलच्या अरुंद पडद्याइतक्या जागेत मराठी अक्षरे नीट बसतात की नाही, हे पाहावे. पैसे भरण्याची परीक्षा 'टेस्ट मोड'मध्ये घ्यावी. तेथे खरी रक्कम हलत नाही. सारे मनाजोगते उतरल्यावर, जुन्या दुकानाची प्रत राखून, मगच नवी थीम चढवावी.

आधी पाटीवर गिरवा, मग वहीत उतरवा, असे आम्ही वर्गात सांगत आलो. व्यापारातही पत टिकते ती याच सवयीने. आपल्या मुलामुलींनी ती अंगी बाणवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.